आधी बसायच्या जागा, मग वाडे: आईवडिलांसोबत जुन्या बडोद्यात अर्धा दिवस

ठाण्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे. डिसेंबरात त्यांच्या घरचं लग्न बडोद्याला आहे आणि आदली सकाळ मोकळी आहे. सोबत बाबा (७४, दीड वर्षापूर्वी उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन), आई (७१, कमी ऐकू येतं आणि यंत्र लावायचा कंटाळा) आणि आत्या (७८, मधुमेह, पण जिद्द दांडगी). तिघांनाही गायकवाडांचं जुनं बडोदं बघायचंय. कुणा उत्साही भाच्यानं अकरा ठिकाणांचा, साडेचार किलोमीटरचा पायी फेरा आखून दिलाय. तो झेपेल का, असं त्या विचारतात.

ताई, नाही झेपणार. तुमच्या आत्या तो पूर्ण करतील, हे वेगळं. पण दुसऱ्या दिवशी लग्नात त्या खुर्चीतून उठणार नाहीत आणि दोष बडोद्याला लागेल.

मी बडोद्याच्या दांडिया बाजारात वाढले, पुढे शाळेत इतिहास शिकवला, आणि निवृत्त झाल्यापासून गेले अकरा हिवाळे साठीच्या पुढच्या मंडळींना घेऊन सिटीत फिरते. (दरवाजांच्या आतल्या जुन्या भागाला आम्ही बडोदेकर नुसतं 'सिटी' म्हणतो. रिक्षावाल्यालाही तेच कळतं.) या अकरा वर्षांत माझ्या वहीचं पहिलं पान बदललं. आधी तिथं वास्तूंची यादी असायची, सालांसकट. आता तिथं बसायच्या जागा असतात. कुठून कुठपर्यंत बसायला काही नाही, तेवढं लाल पेनानं.

हे शहाणपण फुकट आलेलं नाही. दुसऱ्याच वर्षीची गोष्ट. न्याय मंदिर म्हणजे जुन्या न्यायालयाच्या इमारतीसमोर मी आठ जणांना उभं करून बोलत होते. विषय माझ्या आवडीचा, मी रंगात आलेली. पुण्याच्या एक काकू मागच्या मागे हळूच खाली बसल्या, म्हणजे अक्षरशः रस्त्याच्या कडेला, स्कूटरच्या चाकाशी. चक्कर आली होती. घड्याळ बघितलं तर मी सलग पंचवीस मिनिटं बोलले होते आणि त्यातला एक मिनिटही कुणी टेकलेलं नव्हतं. त्या तोवर मजेत चाललेल्या होत्या. चालून माणूस जेवढा थकत नाही तेवढा एका जागी उभा राहून थकतो, हे मला शिक्षिका असून ठाऊक नव्हतं. वर्गात मी उभी असायचे आणि बाकीचे बसलेले, म्हणूनच असेल.

तेव्हापासून माझा नियम साधा आहे: सात-आठ मिनिटं चालणं, मग टेकणं, आणि सांगायचं ते सगळं टेकल्यावर. बडोद्याच्या बाजारात बाकं हवी तिथं मिळतातच असं नाही, म्हणून घडीची दोन हलकी स्टुलं मी खांद्याच्या पिशवीतच ठेवते. तिघांना दोन पुरतात, कारण तिसरं माणूस नेहमी "मला नको" म्हणतं. तुमच्यात ते बाबा असतील असा माझा अंदाज. त्यांना स्टूल देऊ नका. ते आत्याला द्या आणि बाबांना आत्याशेजारच्या पायरीवर "आत्याकडे जरा लक्ष द्या" म्हणून बसवा. बसतात.

आता फेरा. भाच्यानं बहुतेक सुरसागर तलावापासून सुरुवात करून लहेरीपुरा दरवाजातून मांडवीकडे नेलं असेल, नकाशात तेच सरळ दिसतं. तुम्ही उलटं जा. लहेरीपुऱ्याहून मांडवीकडे जाताना तोंड पूर्वेला असतं. डिसेंबरात साडेआठ-नऊला सूर्य खाली असतो आणि तिरपा थेट डोळ्यांत येतो. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या किंवा व्हायच्या राहिलेल्या डोळ्यांना त्या उजेडात पुढचा खड्डा, उंचवटा, आडवी आलेली गाय काहीच नीट दिसत नाही. मांडवीकडून निघालात की ऊन पाठीवर येतं, जे थंडीत सुखाचंच असतं, आणि समोरचा दरवाजा उजळलेला दिसतो. एवढ्या एका बदलानं अर्ध्या ठेचा वाचतात.

तर सव्वाआठला हॉटेलातून निघा, नाश्ता आणि गोळ्या करून. आत्यांच्या साखरेचा विचार करता उपाशीपोटी निघू नका, आणि "तिकडे जाऊन सेव उसळ खाऊ" हा बेत दुपारपर्यंत पुढे ढकला. आमची सेव उसळ तिखट असते, आणि तिखटानंतर स्वच्छतागृह जवळ लागतं. बाबांना किंवा आत्यांना रक्तदाबासाठी लघवी होण्याची गोळी सकाळी असेल तर त्या दिवशी ती कधी घ्यायची, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. आपल्या मनानं वेळ बदलू नका. पण विचारायला हरकत नाही, आणि बरेचजण लाजेपोटी विचारत नाहीत.

साडेआठला रिक्षानं मांडवीला उतरा. तिथं गाडी लावायला जागा नाही. शोधत बसाल तर सकाळ जाईल. मांडवी म्हणजे जुन्या चार रस्त्यांच्या मधोमध उभा असलेला चौकोनी मंडप, चारही बाजूंना कमानी, मोगली काळातला. त्याच्यापासून चार दिशांना चार दरवाजे: पश्चिमेला लहेरीपुरा, पूर्वेला पाणीगेट, उत्तरेला चांपानेर दरवाजा, दक्षिणेला गेंडीगेट. आतल्या वस्तीचा सगळा आराखडा या एका जागेवरून हातानं दाखवता येतो. उतरल्यावर लगेच चालू नका. पहिली दहा मिनिटं एखाद्या बंद दुकानाच्या पायरीवर बसा. दुकानं दहाच्या सुमारास उघडतात, त्याआधी पायऱ्या आपल्याच. मला सकाळची ही वेळ म्हणूनच आवडते. सगळे पर्यटक म्हणतात बाजार उघडा असताना मजा येते. येते, पण तेव्हा हॉर्न, हातगाड्या आणि स्कूटरी यांच्यातून वाट काढताना म्हाताऱ्या माणसाचं लक्ष फक्त पायांकडे असतं, आणि वरच्या मजल्यांच्या कोरीव गॅलऱ्या बघायच्या राहून जातात.

इथं बसल्या बसल्या बाबांना एक गोष्ट सांगा. तुम्ही लिहिलंय की मूळ घर मालेगावकडचं. सयाजीराव महाराज तिसरे हे मूळचे गोपाळराव, १८६३ साली मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्यात जन्मलेले. शेतकरी घरातला बारा वर्षांचा मुलगा, खंडेराव महाराजांच्या विधवा राणी जमनाबाईंनी १८७५ साली दत्तक घेतला आणि तो १९३९ पर्यंत गादीवर राहिला. म्हणजे या शहरातलं तुम्ही आज जे बघणार आहात त्यातलं बरंचसं बाबांच्या तालुक्यातल्या माणसानं उभं केलंय. हे ऐकल्यावर बाबांच्या चालण्यात फरक पडतो की नाही बघा. माझ्या अनुभवात गुडघ्याला हे औषध लागू पडतं.

मांडवीजवळच विठ्ठल मंदिर आहे. आषाढी-कार्तिकीला इथून विठ्ठलनाथजींचा वरघोडा, म्हणजे मिरवणूक, निघतो. मराठी देव, गुजराती शब्द, आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नाही, हे आमचं बडोदं. देवळात जायचं असेल तर चपला काढण्या-घालण्याचा प्रश्न येतो आणि तिथंच सर्वांत जास्त तोल जातो. एका पायावर उभं राहून पट्टा लावण्याचा हट्ट सोडा. स्टूल दाराशी ठेवा, बसून काढा, बसून घाला. बाबांचे बूट नाडीचे नकोत, मागं पट्टा असलेल्या सँडल बऱ्या. नवे बूट तर अजिबात नकोत, ते लग्नात घाला.

मग पश्चिमेकडे निघा. मांडवी ते लहेरीपुरा दरवाजा हे अंतर अर्ध्या किलोमीटरच्या आसपास. तरुण माणूस सात मिनिटांत जातो. तुम्ही त्याला तासभर द्या. रांगेत सर्वांत पुढे आत्या, मग आई-बाबा, मागे तुम्ही. सर्वांत हळू चालणारा पुढे असावा, म्हणजे वेग तो ठरवतो. मागं ठेवला की तो सतत गाठायच्या प्रयत्नात धापा टाकतो आणि बाकीचे थांबले की लगेच निघतात, त्याची विश्रांती शून्य.

वाटेत एखाद्या पोळीत वळा. पोळ म्हणजे आपल्याकडची आळी, पण तोंडाशी अरुंद आणि आत घरांची दाटी. इथल्या जुन्या घरांना पुढे ओटला असतो, गुडघाभर उंचीचा कट्टा. मला विचाराल तर ज्येष्ठांसाठी याच्याइतकं चांगलं बाक कुठल्याच बागेत नाही. उंची नेमकी असते, पाठीला भिंत असते आणि सकाळी सावली असते. फक्त विचारून बसायचं. दारात कुणी आजी तांदूळ निवडत असतील तर आत्यांनाच पुढे करा. "जय श्रीकृष्ण बा, थोडी वार बेसिये?" (आजी, थोडा वेळ बसू का?) एवढं गुजराती पुरे. गेल्या माघात मी नागपूरच्या तीन बहिणींना अशाच एका ओटल्यावर बसवलं होतं. घरातल्या बांनी आधी पाणी विचारलं, मग कुठल्या, मग मुलं किती, मग सून कशी आहे. तिघींना गुजराती येत नव्हतं, बांना मराठी मोडकंतोडकं. चाळीस मिनिटं गेली. पुढची दोन ठिकाणं मी गुपचूप कापली. निरोप घेताना बांनी आतून डबी आणली, मुखवास दिला, आणि सर्वांत धाकट्या बहिणीला (वय ६९) म्हणाल्या, "दीकरी, सांभाळून जजे." म्हणजे, लेकी, जपून जा. त्या बहिणी अजून फोन करतात, तेव्हा राजवाड्याचं नाव निघत नाही, बांचं निघतं. अशी जागा नकाशावर दाखवता येत नाही. तिच्यासाठी वेळ रिकामा ठेवावा लागतो, बस.

पोळीत एकच धोका: स्कूटरी. वळणावर हॉर्न न देता येतात. तुमच्या आईंना तो आवाज येणार नाही, म्हणून त्यांना नेहमी भिंतीच्या बाजूला ठेवा. आणि सांगायचं असेल ते समोर उभं राहून, चेहऱ्यावर उजेड पडेल असं. चालता चालता कानाशी ओरडलं की त्या फक्त मान हलवतात. मान हलली म्हणजे ऐकू आलं असं नव्हे, हे मी माझ्याच आईकडून शिकले. जमलं तर यंत्र खिशात तरी असू द्या. पोळीत किंवा देवळात शांत जागी त्या कदाचित लावतील.

लहेरीपुरा दरवाजा बाहेरूनच पाहायचा, त्याच्या खालून चालत जायचं, बास. पलीकडे न्याय मंदिर. वास्तुविशारद रॉबर्ट चिझम, साल १८९६. बांधलं ते बाजारासाठी, आणि बसलं त्यात न्यायालय! काही वर्षांपूर्वी न्यायालय दिवाळीपुऱ्याकडे हललं, पण नाव न्याय मंदिरच राहिलं. इमारत मोठी देखणी आहे, लांबून आणि बसून बघायची. माझ्या पंचवीस मिनिटांच्या भाषणाची जागा हीच. आता मी चार मिनिटांत आटपते.

तिथून सुरसागर जवळच आहे, पण मधला रस्ता ओलांडणं हे दिवसातलं सर्वांत अवघड काम. घोळक्यानं ओलांडा, दोन्ही हात रिकामे ठेवा, आणि मध्ये थांबून "या, या" करू नका. अर्धवट रस्त्यात थबकलेल्या आत्यांपेक्षा सरळ चाललेल्या आत्या वाहनचालकाला जास्त कळतात. वाहनं फारच असतील तर लाजू नका, पलीकडे जायला रिक्षा करा. रिक्षावाला हसेल. हसू द्या.

सुरसागरला दहाच्या आसपास पोचाल. इथं पाऊण तास. चहा, बिस्कीट, आत्यांसाठी डब्यातलं काहीतरी (भाकरी-भाजीचा रोल मी नेहमी सुचवते, बाजारचं खमण गोडसर असतं, साखर घातलेलं, हे मधुमेहवाल्यांच्या लक्षात येत नाही). तलाव जुना, आधी चंदन तलाव म्हणायचे. मधोमध १११ फुटी महादेव उभा आहे आणि अलीकडे तो सोन्यानं मढवलाय. माझ्या मते आधीचाच बरा होता, पण माझं मत कुणी विचारलेलं नाही आणि आत्यांना बहुधा सोन्याचाच आवडेल. तलावाजवळ संगीत महाविद्यालय आहे. १८८६ साली मौलाबक्षांच्या हाताखाली गायनशाळा म्हणून सुरू झालं, आज ते विद्यापीठाचा विभाग आहे. भातखंड्यांनी पहिली अखिल भारतीय संगीत परिषद १९१६ साली भरवली ती याच शहरात. आतून कुणाच्या रियाजाचा आवाज आलाच तर पुढचा सगळा कार्यक्रम खुशाल बाजूला ठेवा.

आता स्वच्छतागृहाचं बोलू, कारण याच सुमाराला ते लागतं आणि कुणीही स्पष्ट बोलत नाही. वहीतल्या लाल पेनाचं दुसरं काम हेच. जेवायची किंवा चहाची जागा ठरवताना मी पदार्थ शेवटी बघते. पहिल्यांदा बघते तळमजल्यावर कमोड आहे का, दाराला आतून कडी लागते का, जमीन ओली असते का, उठताना धरायला काही आहे का. बाबांना गुडघ्यामुळे देशी पद्धतीचं चालणार नाही. आणि हे फोनवर विचारून भागत नाही. एकदा एका उपाहारगृहानं मला फोनवर "हो, हो, कमोड छे" म्हणून सांगितलं. होतंही. पण वरच्या मजल्यावर, लोखंडी गोल जिन्यानं. आम्ही सहा जण खाली उभे राहून त्या जिन्याकडे नुसते बघत होतो. तेव्हापासून मी आदल्या दिवशी स्वतः जाऊन दार उघडून बघते. तुम्ही लग्नघरी आहात, भाच्याला पाठवा. फेरा त्यानं आखलाय, एवढं त्यानं केलंच पाहिजे.

पावणेअकराला रिक्षानं तांबेकर वाड्याकडे. रावपुऱ्यात पोस्टामागे आहे. रिक्षावाल्याला 'तांबेकर वाडो' सांगा, आणि नाहीच कळलं तर रावपुरा पोस्ट सांगा. हा भाऊ तांबेकरांचा वाडा. ते १८४९ ते १८५४ बडोद्याचे दिवाण होते. आता पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे. बाहेरून बघाल तर आपल्या नाशिक-पुण्याकडच्या वाड्यासारखाच, लाकडी खांब, कोरीव तुळया. आत वरच्या मजल्यांवर भिंती चित्रांनी भरलेल्या आहेत. कृष्णलीला, महाभारत, इंग्रज-मराठा लढाया, आणि मधूनच टोपीवाल्या गोऱ्या मडमा. मला त्या मडमा फार आवडतात. चितारी एकीकडे गोपी रंगवतोय, दुसरीकडे नुकत्याच बघितलेल्या परक्या बायका, दोन्हीकडे त्याचा हात सारखाच मन लावून चाललाय.

अडचण जिन्याची. वाड्याचा जिना जसा असायचा तसाच आहे, अरुंद आणि चढा. इथं बाबांचं काय करायचं हा खरा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर मी तुम्हाला इथून लिहून देऊ शकत नाही. त्या सकाळी गुडघा कसा आहे यावर आहे. पण काही गोष्टी नक्की. चढणं सोपं असतं, उतरताना गुडघा बोलतो, म्हणून "चढून तर बघू" हा निकष चुकीचा. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी, आणि एका पायरीवर दोन्ही पाय आल्याशिवाय पुढची घ्यायची नाही. एक तरुण माणूस उतरताना त्यांच्या पुढे, एक पायरी खाली, तोंड वर करून. मागून धरणाऱ्याचा उपयोग नाही, तोल पुढे जातो. हातात काही नको, फोनही नको. आणि बाहेरच्या उन्हातून आतल्या अंधारात शिरल्यावर दाराशी दोन मिनिटं थांबायचं. म्हाताऱ्या डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला आपल्यापेक्षा बराच जास्त वेळ लागतो, आणि पहिली पायरी नेमकी त्याच दोन मिनिटांत चुकते.

बाबा वर गेले नाहीत तर त्यांच्यासोबत एक जण खाली थांबा. एकट्याला बसवून बाकीचे वर गेले की तो माणूस स्वतःला ओझं समजायला लागतो. वरची चित्रं फोनवर काढून खाली दाखवायची कल्पना चांगली, पण फोटो काढू देतात का ते तिथल्या माणसाला आधी विचारा.

त्या सकाळी गुडघा आधीच कुरकुरत असेल तर वाडाच गाळा आणि मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात अर्धा तास काढा. सयाजीरावांनी अमेरिकेतून विल्यम बोर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावले आणि १९१० साली ही संस्था सुरू झाली. आतल्या पुस्तकांच्या मजल्यांना जाड काचेची जमीन आहे, वरचा उजेड खाली पोचावा म्हणून. ती बघू देतात की नाही हे त्या दिवशीच्या माणसांवर आणि तुमच्या विनंतीवर. पण वाचायला बसायला खुर्ची मिळते, आणि बाबांच्या वयाच्या मराठी माणसाला परगावच्या ग्रंथालयात मराठी पुस्तकांचं कपाट दिसलं की दुसरं काही लागत नाही. हे आधी ठरवलंत तर मांडवीलाच आटपता येईल, म्हणून हॉटेलातून निघतानाच बाबांना खरं विचारा, "आज किती दुखतंय?" आणि "ठीक आहे" हे उत्तर धरू नका.

शेवटी, ताकद असेल तरच, रिक्षानं कीर्ती मंदिर. विश्वामित्रीच्या बाजूला आहे, गायकवाड घराण्याचं स्मारक, १९३६ सालचं. भिंतींवर नंदलाल बोसांची भित्तिचित्रं: गंगावतरण, मीरेचं चरित्र, महाभारताचं युद्ध, आणि टागोरांच्या नाटकावरचं नटीर पूजा. शांतिनिकेतनातून ते अनेक वर्षं येऊन हे काम करत राहिले, १९३९ ते १९४६. तांबेकर वाड्यातल्या नावही न ठाऊक असलेल्या चिताऱ्यांनंतर लगेच हे बघितलं की दोन्हींत मजा येते, म्हणून मी हा क्रम मोडत नाही. पण आत्या गप्प झाल्या असतील तर सोडून द्या. बोलक्या माणसाचं गप्प होणं हे थकव्याचं पहिलं लक्षण. "दमलात का" विचारायची गरज नाही, विचारलंत तर "छे" म्हणतील.

तुमच्या भाच्याच्या यादीत लक्ष्मी विलास पॅलेसही आहे. तो त्याच दिवशी नको. १८९० सालचा तो अवाढव्य राजवाडा आणि त्यात चालणं भरपूर. त्याला स्वतंत्र सकाळ लागते. सयाजीबागही तशीच. फार मोठी आहे, आणि तिथं डॉ. आंबेडकरांच्या १९१७ सालच्या संकल्पाची जागा आहे, ती घाईत उरकण्याची गोष्ट नाही. खंडेराव मार्केट रिक्षातून जाता जाता दाखवलं तरी पुरे. बाकी चार नावं मी गाळली आहेत, ती का हे विचारू नका. एक तर साधं दुकान आहे, भाच्याला तिथलं काही आवडत असेल.

जेवण साडेबाराला, त्याच कमोडवाल्या जागी, तळमजल्यावर. गुजराती थाळी घेतलीत तर वाढपी थांबत नाहीत, आत्यांच्या ताटात बासुंदी पडायच्या आत वाटीवर हात ठेवा. डाळही गोड असते, हे आधी सांगून ठेवा.

एक व्यवस्था आदल्या रात्रीच करा. दिवसभरासाठी एकच रिक्षा किंवा लहान गाडी ठरवा, ठिकाणं मोजून नव्हे तर तासांवर. चालकाचा नंबर तिघांच्याही फोनमध्ये, आणि तिघांच्याही खिशात एका कागदावर हॉटेलचं नाव, तुमचा नंबर आणि चालू औषधं. मोठ्या अक्षरांत, गुजरातीत एकदा आणि मराठीत एकदा. गुजरातीतलं हॉटेलच्या काउंटरवरच्या मुलाकडून लिहून घ्या, तो आनंदानं लिहून देतो. आणि तारीख सरकून लग्न जानेवारीत गेलं तर १४-१५ तारखेला सिटीत येऊच नका. उत्तरायणात आख्खं बडोदं गच्चीवर असतं, पतंगाचा मांजा रस्त्यावर गळ्याच्या उंचीला लोंबतो. त्या दोन दिवसांत गच्चीवर खुर्च्या टाका, तीळ-चिक्की घ्या आणि बाबांच्या हातात फिरकी द्या.